घेणे, ठेवणे, देणे



चाळीस-बेचाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता गुडघे उभे राहू देत नाहीत आणि वरच्या पट्टीत आवाज फाटतो, म्हणून वीणा तरुणांच्या गळ्यात दिली आणि मी श्रोत्यांत येऊन बसलो. श्रोत्यांत बसल्याने एक होते. आजवर आपण लोकांना काय काय सांगत आलो, ते आपल्याच कानांनी ऐकायला मिळते. परवा सप्ताहात एका तरुण महाराजांनी संग्रहावर निरूपण केले. दृष्टांत माझेच, क्रमही माझाच. तुकोबारायांनी घरातली कर्जखते बाहेर काढली, निम्मी भावाला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत सोडून दिली. मधमाशी साठवून साठवून मरते आणि मध तिसराच काढून नेतो. ज्याने साठवले तो गुंतला, ज्याने सोडले तो सुटला. लोकांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. आणि घरी आल्यावर माजघरातल्या लोखंडी ट्रंकेचे कुलूप नीट लागले आहे ना, ते ओढून पाहिले.

त्या ट्रंकेत काय आहे ते शेवटी सांगतो. पण कुलूप ओढताना माझे मलाच हसू आले आणि मग रात्री झोप लागेना. शंका अशी उभी राहिली की, साठवणारा प्रत्येक माणूस लोभीच असतो का? संग्रह म्हणजे सगळाच दोष, की त्यातही निवड आहे? मी चाळीस वर्षे या विषयावर बोललो. पण हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

या शंकेचे समाधान मला सापडले ते कुठल्या पोथीत नाही. माझी नात पुण्याला चित्रकला शिकते. दिवाळीच्या सुटीत आली होती, तिला मी हे सगळे बोलून दाखवले. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्याहून मोठी ट्रंक असलेले एक आजोबा-आजी आहेत. दाखवू का?" आणि तिने लॅपटॉपवर मला एक माहितीपट दाखवला. २००८ सालचा आहे, मेगुमी सासाकी नावाच्या एका जपानी बाईंनी केलेला. इंग्रजी मला बेताचेच कळते. नात मध्ये मध्ये थांबवून सांगत होती. बाकीचेही तिनेच शोधून वाचून दाखवले. ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो. वरवर पाहता तिचा आपल्या संप्रदायाशी काही संबंध नाही. पण दृष्टांताला सोयरसुतक नसते, तो लागू पडला म्हणजे झाले.

ऐका. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट व्होगेल नावाचे एक गृहस्थ होते. आपल्याकडे हर्बर्टराव म्हटले असते, मीही तसेच म्हणतो. १९२२ साली जन्म. वडील शिंपीकाम करीत. शाळा अर्धवट सुटली. महायुद्धाच्या वेळी सैन्यात जाऊन आले आणि पुढे टपालखात्यात कारकून झाले. रात्रपाळीला पत्रे निवडून वेगळी करायची, हे काम. पत्नी डोरोथीबाई ब्रुकलिनच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. १९६२ साली दोघांचे लग्न झाले. मधुचंद्राला ते वॉशिंग्टनला गेले आणि तिथे नॅशनल गॅलरी म्हणून जे राष्ट्रीय कलासंग्रहालय आहे, त्यात हर्बर्टरावांनी नव्या नवरीला चित्रे कशी पाहायची ते दाखवले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

हर्बर्टरावांना चित्रांचे वेड. डोरोथीबाईंनाही ते लागले. दोघांनी आधी स्वतः रंग हातात घेतले, शिकवणीला गेले, आपली चित्रे घरात भिंतीला लावली. मग त्यांच्या लक्षात आले की दुसरे लोक आपल्यापेक्षा सरस काढतात. तेव्हा त्यांनी आपली चित्रे उतरवली आणि त्या जागी दुसऱ्यांची लावली. माउली, इथे मी नातीला थांबायला सांगितले. स्वतःचे उतरवून त्या खिळ्याला दुसऱ्याचे लावायचे, हे सोपे नाही. आपल्यापेक्षा दुसऱ्याचे कीर्तन चांगले झाले, असे मी चाळीस वर्षांत किती वेळा मोकळ्या मनाने म्हणालो, ते माझे मला ठाऊक.

मग त्यांनी नेम केला. बाईंच्या पगारावर घर चालवायचे आणि हर्बर्टरावांचा पगार चित्रांसाठी. हा पगार वर्षाला २३ हजार डॉलरच्या वर कधी गेला नाही. डॉलर म्हटले की आपले डोळे मोठे होतात, पण त्या शहरात तो साध्या नोकरदाराचाच पगार. चित्र घ्यायचे त्यालाही दोन अटी. एक, ते आपल्या ऐपतीत बसले पाहिजे. दुसरी, ते आपल्या घरात मावले पाहिजे, म्हणजे हातात धरून रेल्वेने किंवा टॅक्सीने घरी नेता आले पाहिजे. घर म्हणजे भाड्याचे, एक बसायची खोली आणि एक झोपायची. एवढ्यावर त्यांनी आयुष्यभरात ४,७०० च्या वर कलाकृती गोळा केल्या.

आता या गोष्टीचे तीन भाग करू. घेणे, ठेवणे आणि देणे.

पहिले घेणे. ज्यांचे नाव झाले आहे अशा चित्रकारांची चित्रे टपाल कारकुनाच्या पगारात मिळत नसतात. म्हणून हे दोघे वळले ते ज्यांना अजून कोणी विचारत नव्हते अशा तरुण कलावंतांकडे. सोल लविट, रॉबर्ट मॅन्गोल्ड, रिचर्ड टटल ही आज तिथे मोठी मानली जाणारी नावे. त्या काळात त्यांच्या दारात गिऱ्हाईक नसे. लविट यांच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत हे दांपत्य होते. ते दुकानात जाऊन पसंत करीत नसत. कलावंताच्या कामाच्या जागी जात, त्याने जे जे केले ते सगळे पाहायला मागत, कच्ची टिपणे, खोडलेली रेखाटने, सगळे. तासन्‌तास बसत. पैसे एकदम नसले तर थोडे थोडे करून फेडत. एकदा तर पैशांऐवजी सेवा दिली. ख्रिस्तो आणि जीन-क्लोद नावाचे एक जोडपे होते. कोलोरॅडो राज्यात एका दरीवर भला मोठा पडदा टांगण्याच्या उद्योगात ते होते आणि त्यासाठी त्यांना घर सोडून जायचे होते. त्यांची मांजर या दोघांनी सांभाळली आणि त्या पडद्याचे एक चित्र मोबदल्यात घेतले.

यात विशेष ते काय, असे आपण म्हणाल. विशेष हे की ही माणसे त्या वेळी जिवंत होती. गेलेल्या थोरांना थोर म्हणायला फार काही लागत नाही. ते काम काळाने करून ठेवलेले असते. शेजारी राहणारा, भाडे थकलेला, लोक ज्याला हसतात असा माणूस काही मोलाचे करतो आहे, हे त्याच वेळी ओळखायला वेगळे डोळे लागतात. आपल्या संतांचे जिवंतपणी काय झाले ते वारकऱ्याला सांगायला नको. आळंदीच्या चार भावंडांना गावाने वाळीत टाकले. चोखोबांना देवळाच्या दाराबाहेर उभे केले. तुकोबांच्या वह्या पाण्यात गेल्या. आज आपण त्यांच्या पालख्या खांद्यावर घेतो. पण त्या वेळी आपण असतो तर कोणत्या बाजूला असतो, हे छातीवर हात ठेवून सांगता येईल का?

आणि त्याच काळात चाकणचे संताजी जगनाडे होते. जातीने तेली, घाणा चालवून पोट भरणारे. तुकोबांच्या टाळकऱ्यांत उभे राहत आणि अभंग उतरून घेत. त्यांच्या वह्यांमुळे गाथेचा केवढा ठेवा राहिला, हे आपली परंपरा कृतज्ञतेने सांगते. पण त्या वेळी तुकोबा 'जगद्गुरू' नव्हते. देहूचे एक दिवाळे निघालेले वाणी होते. घाणा चालवणाऱ्याने दिव्याच्या उजेडात बसून त्यांचे शब्द साठवले ते पुढे किंमत येईल म्हणून नव्हे. त्यांना ते टाकून देववेना, म्हणून. संताजींनी केला तोही संग्रहच ना? मग मी कीर्तनात सरसकट संग्रहाला झोडपत होतो तेव्हा संताजींना कुठे ठेवत होतो?

इथे एक शंका येणार. संतांचे शब्द कुठे आणि हे आजकालचे चित्र कुठे? मलाही आली. नातीने मला त्या संग्रहातल्या एका वस्तूचे छायाचित्र दाखवले. टटल यांची १९७४ सालची कृती. काय आहे? तीन इंचांचा दोरीचा तुकडा, खिळ्यांनी भिंतीला ठोकलेला. बस्स. मी म्हणालो, "बाळे, याला पैसे पडले?" ती हसली. म्हणाली, "आजोबा, थोडा वेळ बघा तरी."

माउली, ती कृती मला कळली असे मी म्हणणार नाही. पण त्यावरून एक सुचले ते सांगतो. आम्ही कीर्तनकार दोरी आणि सापाचा दृष्टांत आयुष्यभर देतो. अंधारात दोरीला साप समजून माणूस भितो, दिवा आणला की कळते दोरी आहे. इथे आमचा दृष्टांत संपतो. साप गेला की आम्ही दोरीही सोडून पुढे जातो. तिच्याकडे कोणी बघत नाही. आणि इथे एक माणूस म्हणतो आहे, जरा दोरीकडेच बघा. त्या संध्याकाळी गोठ्याकडे गेलो तर खुंटीला दावे टांगलेले दिसले. ज्या गाईचे ते होते ती जाऊन सहा वर्षे झाली. मानेला घासून घासून एका जागी ते गुळगुळीत झाले आहे. रोज त्याच्यासमोरून जातो, पण त्या दिवशी पाहिले. चित्रकार मोठा की लहान हे मला ठरवता येत नाही. पण पाहायला लावण्याचे काम त्याने केले, हे नाकारता येत नाही. दर्शन दर्शन आपण म्हणतो. विटेसमोर उभे राहायला क्षणभर मिळतो, मागून ढकलत असतात. तेवढ्यात ज्याने पाहिले त्याला मिळाले. पाहणे ही साधनाच आहे.

दुसरे ठेवणे. घरात भिंती संपल्या, मग छताला लावली, पलंगाखाली रचली, कपाटात ठेवली. त्यातच मांजरे, कासवे आणि माशांच्या पेट्या. टपालखात्यातल्या सोबत्यांना हर्बर्टरावांनी या वेडाबद्दल काही सांगितले नाही. रात्री पत्रे निवडावी, थोडे झोपावे आणि दिवसा चित्रे पाहत हिंडावे. सावता महाराजांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही, तसे हे दोघे आपापल्या कामावर राहिले आणि निवृत्तीपर्यंत नोकरी केली. आपला परमार्थ लोकांपुढे मिरवायचा नसतो, हे आपण सांगतो. त्यांनी आपले प्रेम मिरवले नाही.

आणि आता खरी गोष्ट. वर्षे गेली तसे ते कलावंत नावारूपाला आले. जी चित्रे हप्त्याने घेतली होती त्यांना मोठमोठ्या किमती आल्या. त्यातली थोडी जरी विकली असती तरी या दोघांना प्रशस्त घर घेऊन सुखात राहता आले असते. त्यांनी एकही विकले नाही.

लोभाची आणि प्रेमाची खूण मला इथे दिसली. दोघेही साठवतात. दोघांच्याही घरात वाट राहत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. पण लोभी माणसाला विचारा, हे काय आहे? तो किंमत सांगेल. प्रेम असलेल्याला विचारा, तो त्या वस्तूची हकीकत सांगेल. कुणी केली, कधी केली, तो तेव्हा कुठे राहत होता. सावकार खते साठवतो ती मोजण्यासाठी. माळकरी तुळशीची माळ साठ वर्षे गळ्यात ठेवतो; तिची किंमत विचारली तर तो विचारणाऱ्याकडे नुसता बघत राहील. तुकोबांनी पाण्यात सोडली ती खते होती, लोकांच्या घामाची ती मोजणी होती. तोच तुकोबा अभंगांच्या वह्यांसाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी पडून राहिला. एकच नदी, एकच माणूस. एक कागद आपल्या हातांनी सोडला आणि दुसऱ्यासाठी प्राण पणाला लावले. हे दोन प्रसंग मी शेकडो वेळा सांगितले, पण वेगवेगळ्या कीर्तनांत. एकाशेजारी एक कधी ठेवले नाहीत.

कोणी म्हणेल, बुवा, एवढ्या पैशांत किती भुकेल्यांना जेवू घालता आले असते! शंका खरी आहे आणि वारकऱ्याच्या तोंडी ती शोभते. मी तिला खोडून काढणार नाही. अन्नदानाची बरोबरी कशाला नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. हे पैसे त्यांनी कुणाच्या ताटातून ओढले नव्हते. स्वतःच्या संसारातून काढले होते. आणि ते गेले कुठे? ज्यांचे घरभाडे थकले होते अशांच्या हातात गेले. पाखवाज मढवणाऱ्याकडून पाखवाज घेतला तर त्याच्याही चुलीवर भाकरी भाजली जाते. शिवाय त्या कलावंताला भाकरीबरोबर आणखी एक मिळाले. आपण करतो ते कुणीतरी पाहते आहे, हे. ती भूक ज्याने सोसली आहे त्यालाच कळेल. समोर चार म्हाताऱ्या आणि एक झोपलेले पोर एवढेच श्रोते असताना ज्याने दोन तास कीर्तन केले आहे, त्याला विचारा.

तिसरे देणे. दोघेही निवृत्त झाले. घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मोठमोठी संग्रहालये त्या संग्रहासाठी उत्सुक होती. १९९२ साली त्यांनी तो वॉशिंग्टनच्या त्याच नॅशनल गॅलरीच्या स्वाधीन केला. आठवले ना? तीस वर्षांपूर्वी नवरानवरी जिथे गेले होते तेच ठिकाण. तिथेच का? कारण तिथे आत जायला पैसे पडत नाहीत. कोणीही गरीब माणूस सरळ आत जाऊन पाहू शकतो. आणि ते संग्रहालय आपल्याकडे आलेल्या वस्तू विकत नाही. दोघांनी सरकारी पगारावर घर चालवले होते, म्हणजे लोकांच्याच पैशांवर. तेव्हा लोकांचे लोकांना परत, असा त्यांचा हिशेब. त्या दोन खोल्या रिकाम्या करायला पाच मोठे ट्रक लागले.

तरीही संग्रह इतका होता की एका संग्रहालयालाही तो सगळा पेलेना. म्हणून २००८ साली अमेरिकेच्या ५० राज्यांतल्या प्रत्येकी एका संस्थेला ५० अशा २,५०० कलाकृती वाटून देण्याचे जाहीर झाले. काला झाला म्हणा ना! एका हंडीतले सगळ्यांच्या ओंजळीत.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी ती गोड गोड दृष्टांत म्हणून सांगितली असती आणि तुम्हीही विसरला असता. पुढचे ऐका. संग्रहालयाने या म्हाताऱ्यांना आधार म्हणून थोडे वर्षासन बांधून दिले. त्या पैशांचे त्यांनी काय केले? पुन्हा चित्रे घेतली! रिकामे केलेले घर पुन्हा भरू लागले. मी हसलो. नातीला म्हणालो, "हे काही वैराग्य नव्हे." आणि खरेच नव्हे. मी त्यांना विरक्त म्हणणार नाही, संत तर नाहीच. विकाराचे मूळ जळून गेले असे काही तिथे दिसत नाही. घेण्याची ओढ शेवटपर्यंत होती. हर्बर्टराव २०१२ साली वारले, तोपर्यंत नजर तशीच.

मग मी विचार केला. वैराग्य नाही, मग काय आहे? नदी आहे. नदी पाणी घेते आणि देते. डबकेही पाणी घेते. घेण्यात दोघांत फरक नाही. ज्याचा हात घ्यायला उघडा आणि द्यायलाही उघडा, त्याच्या घरात वस्तू राहतात पण मुक्कामाला. त्या मालक होऊन बसत नाहीत. आपण संसारी माणसे. सर्वस्व पाण्यात सोडण्याची तयारी लाखात एकाची. पण घेताना प्रेमाने घ्यावे, ठेवताना किंमत करू नये आणि देताना दार उघडे ठेवावे, इतके टपालखात्यातल्या कारकुनाला जमले. मग टाळकऱ्याला का जमू नये?

आता माझी ट्रंक.

आळंदीला शिकत असताना माझ्या गुरुजींनी जाताना मला आपल्या हातची तीन बाडे दिली. कोणत्या अभंगाला कोणती प्रमाणे, कोणता दृष्टांत कुठे, पूर्वपक्ष कसा, उत्तर कसे, सगळे बोरूने लिहिलेले. एक पैसा घेतला नाही. "वापर आणि पुढे दे," इतकेच म्हणाले. मी वापरली. माझे नाव झाले त्यात निम्मा वाटा त्या बाडांचा.

१९९४ च्या चातुर्मासात शेजारच्या वाडीचा एक मुलगा संध्याकाळी शिकायला येई. हुशार, गळा गोड. एकदा त्याने विचारले, "बुवा, मधलं बाड आठ दिवसांसाठी द्याल का? उतरून घेतो आणि परत आणून देतो." मी म्हणालो, "आधी पाठांतर वाढव, मग बघू." लोकांना वाटले, गुरू शिष्याची परीक्षा घेतो आहे. खरे कारण आज लिहितो. मला भीती वाटली की पुढच्या सप्ताहात हा माझाच मजकूर म्हणेल आणि लोक म्हणतील, पोरगा बुवांपेक्षा बरा. मी त्याला अधूनमधून तोंडी थोडे सांगत राहिलो. बाड दिले नाही. त्याने पुन्हा मागितले नाही. पुढे तो एस.टी.त कंडक्टर झाला. रजेच्या दिवशी आजूबाजूच्या गावांत कीर्तन करतो. दर आषाढीला येऊन पाया पडून जातो.

माहितीपट पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. मी कुलूप ओढून पाहत होतो, पण तळाचा पत्रा गंजून गेला होता आणि खालून वाळवी शिरली होती. वरचे बाड शाबूत, खालच्याचे कोपरे गेलेले. मधले हातात घेतले तर नुसती माती हातात आली. मी तिथेच खाली बसलो. सूनबाई धावत आली, तिला वाटले मला चक्कर आली.

त्या कंडक्टरला फोन केला. साप्ताहिक सुटीला तो आला. मी त्याला सगळे सांगितले, वाळवीचेही आणि माझ्या मनातल्या वाळवीचेही. तो काही बोलला नाही. पिशवीतून एक जुनी शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्या चातुर्मासात मी जे जे तोंडी सांगितले होते, ते तो रोज रात्री घरी जाऊन लिहून ठेवत असे. म्हणाला, "बुवा, मधल्या बाडातलं काही यात असलं तर बघा."

चष्मा पुसून पाहिले. अकरा अभंगांची मांडणी त्यात होती, माझ्या गुरुजींच्या शब्दांत. जेवढे हातून सुटले होते तेवढे राहिले होते.

माउली, उरलेली दोन बाडे मी त्याच दिवशी त्याच्या हवाली केली. नातीने आधी त्यांच्या पानापानाची छायाचित्रे काढली. त्या अकरा अभंगांच्या प्रती मी बसून लिहितो आहे. हात थरथरतो, पण रोज एक पान होते. ट्रंक अंगणात उन्हात उघडी पडली आहे, तिच्यात आता सूनबाई गोवऱ्या ठेवणार म्हणते. ज्या तरुण कीर्तनकाराला हे उतरून घ्यायचे असेल त्याने नीरेकाठच्या आमच्या गावी खुशाल यावे. बिदागी नको, ओळखीची चिठ्ठी नको. वही मात्र आपली आणावी. आणि उतरून झाले की एकच करावे, पुढे जो मागेल त्याला त्याच दिवशी द्यावे. उद्या बघू म्हणू नये.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल.